कोल्हापुरातून जगाच्या पडद्यावर: परदेशी सिनेमा-मालिकांतलं करिअर चालतं कसं

ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोल्हापूरची. भानू अथय्या, माहेरच्या राजोपाध्ये. वडील चित्रकार, पुढचं शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. १९८३ साली 'गांधी' सिनेमाच्या वेशभूषेसाठी ब्रिटिश वेशभूषाकार जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना तो पुरस्कार मिळाला. ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, आणि सांगायलाच हवी. पण एका इंग्रज दिग्दर्शकाच्या सिनेमापर्यंत त्या पोहोचल्या कशा, हे फारसं कुणी विचारत नाही.

त्या लंडनला काम शोधायला गेल्या नव्हत्या. सिनेमाच इकडे आला होता. तोवर भानूताईंचा हिंदी सिनेमातला अनुभव पाव शतकाचा झाला होता. भारतात चित्रित झालेल्या 'सिद्धार्थ' या परदेशी दिग्दर्शकाच्या सिनेमाचं कामही त्यांनी १९७२ च्या सुमारास केलं होतं. 'गांधी'ची कथा पन्नासेक वर्षांत पसरलेली. चंपारणचा शेतकरी धोतर कसं नेसतो, काठियावाडी माणूस पागोटं कसं बांधतो, वकील आणि मजूर यांच्या कपड्यांत काय फरक असतो, हे हजारोंच्या गर्दीत दिसायला हवं होतं. ते ज्ञान लंडनहून विमानात घालून आणता येत नाही. ते इथल्याच कुणाकडे तरी असायला लागतं, आणि त्या माणसाने ते आधी वर्षानुवर्षं कमावलेलं असायला लागतं.

मी नाटकवाल्या पोरांच्या कार्यशाळा घेतो. एकांकिका स्पर्धा गाजवलेली, मालिकेत चार-सहा सीन केलेली मुलं भेटतात आणि विचारतात, "सर, हॉलिवूडला कसं जायचं?" प्रश्न रास्त आहे. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला, आणि जिथे १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तिथल्या पोरांनी हा प्रश्न विचारायचा नाही तर कुणी? पण मला वाटतं 'जायचं कसं' याआधी दुसरंच काही समजून घ्यायला हवं. या धंद्यात पैसा कुठून येतो, माणूस कोण निवडतो आणि कागदावर काय लिहिलेलं असतं? या तीन गोष्टी कळल्या की पुष्कळ धुकं विरतं. आणि असंही दिसतं की परदेशात नाव झालेल्या बहुतेकांनी आपलं सगळ्यात चांगलं काम आपल्याच मातीत, बरेचदा आपल्याच भाषेत केलं होतं.

सिनेमाचा देश कोणता?

आपण म्हणतो 'इंग्लिश पिक्चर', 'हॉलिवूड पिक्चर'. प्रत्यक्षात सिनेमाचं राष्ट्रीयत्व भाषेवरून किंवा कथेवरून ठरत नाही. ते बरंचसं पैशावरून आणि निर्मात्या कंपनीवरून ठरतं.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' घ्या. संवाद मल्याळम, हिंदी, मराठी. चित्रीकरण मुंबई आणि रत्नागिरीत. पार्वतीच्या भूमिकेत आपल्या छाया कदम. पण निर्मितीत फ्रान्स, भारत, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटली अशा पाच देशांतल्या कंपन्या. २०२४ च्या कान महोत्सवात मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तब्बल ३० वर्षांनी आला, आणि या सिनेमाने तिथे ग्रां प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा मान, मिळवला.

याला सहनिर्मिती म्हणतात. युरोपातल्या बऱ्याच देशांत सिनेमासाठी सरकारी किंवा सार्वजनिक निधी असतो. रॉटरडॅमच्या महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स फंड आहे, बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड आहे. तो पैसा मिळवायचा तर बहुतेकदा त्या देशातला निर्माता सोबत लागतो, आणि मग ध्वनीचं काम किंवा रंगसंस्कार तिकडे करून त्यांच्या पैशाचा काही भाग त्यांच्याच देशात खर्चावा लागतो. म्हणजे मराठी दिग्दर्शकाच्या सिनेमाचा ध्वनी पॅरिसमध्ये मिसळला गेला, तर त्यामागे हौस असेलच असं नाही. कराराची अटही असू शकते.

ऑस्करच्या परभाषिक विभागात एक देश एकच सिनेमा पाठवू शकतो. संध्या सुरी यांचा 'संतोष' हा उत्तर भारतात घडणारा हिंदी सिनेमा. तो ऑस्करसाठी गेला ब्रिटनकडून. विचित्र वाटेल, पण निर्मिती मुख्यतः ब्रिटिश होती. याच्या वीसेक वर्षं आधी आसिफ कपाडियांच्या 'द वॉरियर' या हिंदी सिनेमाला ब्रिटनकडून जाताना अडवलं होतं, कारण तेव्हाच्या नियमानुसार भाषा त्या देशाची असावी लागत असे. नियम बदलला आणि वाट मोकळी झाली. कोल्हापूरच्या नटाने हे ध्यानात ठेवावं, कारण 'ब्रिटिश सिनेमात काम' म्हणजे इंग्रजीतच बोलायचं असं नाही. 'द वॉरियर'मध्ये मुख्य भूमिका होती इरफान खान यांची. राजस्थानात आणि हिमालयात चित्रीकरण, हिंदीत संवाद. 'द नेमसेक', 'लाइफ ऑफ पाय', 'ज्युरासिक वर्ल्ड' हे सगळं त्यानंतरचं. त्याच्याही मागे एनएसडीचं, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं, शिक्षण आणि हिंदी मालिकांतली कितीतरी वर्षं उभी होती.

महोत्सवाची वाट

दिग्दर्शक आणि लेखकांसाठी आज सगळ्यात खरी वाट महोत्सवांची आहे, आणि मराठी सिनेमाने ती चांगली मळवलेली आहे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात 'संत तुकाराम' दाखवला गेला आणि त्याची खास दखल घेतली गेली. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. २०१४ मध्ये त्याच व्हेनिसला चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने ओरिझोन्ती या नव्या वाटांच्या सिनेमांच्या विभागातला सर्वोत्तम सिनेमाचा आणि पदार्पणाचा, असे दोन पुरस्कार घेतले. त्याच वर्षी अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला बर्लिनमध्ये मुलांच्या परीक्षक मंडळाने क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' २०२३ मध्ये टोरांटोहून नेटपॅक हा आशियाई सिनेमासाठीचा पुरस्कार घेऊन आला. आणि जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार पटकावला.

यातला एकही सिनेमा परदेशी प्रेक्षकाला आवडावा म्हणून गुळगुळीत केलेला नाही. 'कोर्ट'मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयातला कंटाळा जसाच्या तसा आहे. 'स्थळ'मध्ये विदर्भातल्या खेड्यातली मुलगी बघण्याची बैठक आहे आणि बरेचसे कलाकार गावातलेच आहेत.

पण पडद्यामागे काही नियम आहेत आणि ते माहीत नसल्याने चांगले सिनेमे वाया जाताना मी पाहिले आहेत. पहिला नियम प्रीमियरचा. कान, व्हेनिस, बर्लिन यांच्या मुख्य विभागांना सिनेमा शक्यतो जगात पहिल्यांदा आपल्याकडेच दाखवला जायला हवा असतो. तुम्ही तो आधी कुठल्याशा छोट्या महोत्सवात दाखवला किंवा उत्साहाच्या भरात यूट्यूबवर टाकला, तर ते दार बहुधा बंद होतं. म्हणून आधी मोठ्या दारावर थाप द्यायची, नकार आला की पुढच्या दाराकडे जायचं. या वाट पाहण्यात वर्ष जातं आणि घरचे विचारतात, पिक्चर कधी येणार? तेवढा दम धरावाच लागतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हल्ली इंटरनेटवर दर महिन्याला पुरस्कार वाटणारे 'इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल' उगवले आहेत. प्रवेश फी भरायची, काही दिवसांनी सोनेरी पानांचा शिक्का येतो: सर्वोत्तम दिग्दर्शक, सर्वोत्तम अभिनेता. ना थिएटर, ना प्रेक्षक, ना परीक्षकांची नावं. आपल्याकडची गुणी पोरं यात पैसे घालवतात, पोस्टरवर असे शिक्के लावतात, आणि जाणकार माणूस ते पाहून उलट मागे सरकतो. महोत्सव खरा की खोटा हे ओळखायचं असेल तर इतकंच पाहा: तिथे मागच्या वर्षी दाखवलेले सिनेमे पुढे कुठे गेले, आणि परीक्षक म्हणून कुणाची नावं जाहीर झाली. शाहू स्मारकमध्ये फिल्म सोसायटीच्या खेळाला बसून शंभर माणसांसोबत जगभरचे सिनेमे बघणं अशा शिक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त शिकवतं.

महोत्सवात निवड झाली की पुढे येतो सेल्स एजंट. हा सिनेमा विकत घेत नाही. तो तुमच्या वतीने देशोदेशीच्या वितरकांना, वाहिन्यांना, ओटीटी कंपन्यांना हक्क विकतो. फ्रान्सचे हक्क एकाला, जपानचे दुसऱ्याला, विमानात दाखवायचे तिसऱ्याला. आपल्याकडेही असा बाजार भरतो. एनएफडीसीने, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, २००७ मध्ये गोव्यात फिल्म बझार सुरू केला. नोव्हेंबरात इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, वेळेला तिथे परदेशी निर्माते, महोत्सवांचे निवडकर्ते आणि सेल्स एजंट येतात. कोल्हापूरहून गोवा काही फार लांब नाही. पहिला सिनेमा करायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने एकदा तरी तिथे जाऊन नुसतं बघून यावं.

विक्रीतून आलेला पैसा दिग्दर्शकापर्यंत कसा पोहोचतो, हे आपल्या भागात उसाचं बिल ज्याला कळतं त्याला लगेच कळेल. जाहीर झालेला दर एक, आणि तोडणी, वाहतूक, सोसायटीचं कर्ज वजा जाता खात्यावर पडलेली रक्कम दुसरी. सिनेमातही तसंच. आधी सेल्स एजंटचं कमिशन जातं, मग त्याने केलेला पोस्टर, सबटायटल, बाजारातला प्रवास असा खर्च. मग ज्यांनी पैसा घातला त्यांची मुद्दल. त्यानंतर काही उरलं तर निर्माता आणि दिग्दर्शकाचा वाटा. या क्रमाची यादी करारात लिहिलेली असते. 'नफ्यातले १०%' ऐकून हुरळून जाऊ नका. ते दहा टक्के रांगेत कितव्या नंबरला उभे आहेत ते वाचा, आणि खर्चाला कमाल मर्यादा घातली आहे का तेही बघा. मर्यादा नसेल तर खर्च वाढत जातो आणि रांग तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

नटाची निवड

नटांचं गणित वेगळं. परदेशी निर्मितीत भूमिका वाटण्याचं काम कास्टिंग डायरेक्टर करतो. आपल्याकडेही आता ही पद्धत रुळली आहे, पण तिकडे तिचं वजन मोठं आहे. ऑस्करने २०२६ च्या सोहळ्यापासून कास्टिंगसाठी स्वतंत्र पुरस्कारच ठेवला. भारतात शोध असेल तर परदेशी कंपनी मुंबईतल्या कास्टिंग डायरेक्टरला सोबत घेते. 'लाइफ ऑफ पाय'साठी हजारो मुलांतून सूरज शर्मा निवडला गेला. दिल्लीतला विद्यार्थी, अभिनयाचा अनुभव शून्य. 'द व्हाइट टायगर'साठी आदर्श गौरव निवडले गेले आणि २०२१ मध्ये त्यांना बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं मुख्य अभिनेत्याचं नामांकन मिळालं. पुढे ते 'एलियन: अर्थ' या अमेरिकन मालिकेत आले. 'लाइफ ऑफ पाय' आणि 'द व्हाइट टायगर', दोन्ही सिनेमांत कथा भारतातल्या माणसाची होती. आणि त्याही आधी 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी रोहिणी हट्टंगडींना बाफ्टा मिळाला होता. पुण्याच्या, एनएसडीत शिकलेल्या, मराठी रंगभूमीवर वावरलेल्या.

आज या सगळ्याची सुरुवात होते सेल्फ-टेपने. म्हणजे घरी स्वतः चित्रित केलेली ऑडिशन. आमच्या कार्यशाळेतल्या एका मुलीला अशी विचारणा आली होती. रात्री मेल, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायचं. सोबत तीन पानांचे साइड्स, म्हणजे प्रवेशाचा तेवढाच भाग. प्रत्येक पानावर तिचं नाव फिकट अक्षरात आडवं छापलेलं, म्हणजे कागद बाहेर गेला तर कुणाकडून गेला ते कळावं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरात आम्ही भिंतीवरचं कॅलेंडर आणि फोटो उतरवून राखाडी चादर ताणली. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर येईल असं तिला उभं केलं. पंखा बंद. समोरच्या पात्राचे संवाद वाचायला तिचा भाऊ. तो फोनच्या अगदी जवळ उभा राहून खणखणीत वाचत होता, त्यामुळे पहिल्या टेकमध्ये त्याचाच आवाज मोठा आला. त्याला बाजूला सरकवलं आणि हळू, पण अर्थ धरून वाचायला सांगितलं. तिची नजर लेन्सच्या शेजारी, त्याच्या डोळ्यांवर. लेन्समध्ये बघायचं ते फक्त सुरुवातीला, स्वतःचं नाव, उंची आणि शहर सांगताना.

खरी अडचण अभिनयात होती. ती केशवराव भोसले नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी बोलत होती. नाटकातल्या मुलांचं हे नेहमीचं होतं आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, त्यांना तेच शिकवलेलं असतं. छातीपर्यंतच्या चौकटीत भुवई जराशी उचलली तरी पुष्कळ दिसतं. मी तिला सांगितलं, भावाला हे खरंच सांगायचं आहे असं समज आणि फक्त त्याच्यापर्यंतच आवाज जाऊ दे. मग जो टेक आला तो पाठवला. भूमिका मिळाली नाही. पण काही महिन्यांनी त्याच कास्टिंग ऑफिसातून दुसऱ्या भूमिकेसाठी विचारणा आली. असंच होतं. नकार आला म्हणजे फाइल फाडली जात नाही. चांगली टेप त्यांच्या लक्षात राहते.

ऑडिशनला पैसे लागत नाहीत. कधीच नाही. आमच्या ओळखीच्या एका पोराकडून मुंबईतल्या एका तथाकथित एजन्सीने 'फॉरेन पोर्टफोलिओ'च्या नावाखाली पैसे घेतले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. खरा एजंट तुम्हाला काम मिळाल्यावर त्यातून आपला वाटा घेतो. अमेरिकेत तो साधारण १०% असतो, ब्रिटनमध्ये थोडा जास्त. मॅनेजर हा वेगळा माणूस. एजंट काम आणतो आणि व्यवहार ठरवतो, मॅनेजर करिअरची दिशा बघतो. सुरुवातीला दोन्ही नसले तरी चालतं. पण इंग्रजी समजणारा, करार वाचू शकणारा एक वकील मात्र ओळखीचा असू द्या.

करारातली ओळ न् ओळ

अमेरिकन मालिकेत भूमिकांना ठरलेल्या पायऱ्या असतात. सलग दिसणारं मुख्य पात्र, अधूनमधून परतणारं पात्र, एका भागाचा पाहुणा, आणि दोन-चार वाक्यांची छोटी भूमिका. मानधन, श्रेयनामावलीतलं स्थान, राहण्या-प्रवासाची सोय हे सगळं त्या पायरीवर ठरतं. मुख्य पात्रासाठी करार बहुधा शेवटच्या चाचणीच्या आधीच सही करून घेतात. निवड झाली की कंपनीला पुढच्या अनेक सीझनसाठी तुम्हाला बांधून ठेवण्याचा पर्याय मिळतो. पर्याय कंपनीचा, तुमचा नाही. त्यांनी मालिका बंद केली तर तुम्ही मोकळे, त्यांनी चालू ठेवली तर तुम्ही बांधलेले. कॅलिफोर्नियात या बांधिलकीला सात वर्षांची कायदेशीर मर्यादा आहे. ऑलिव्हिया डी हॅविलँड या अभिनेत्रीने १९४४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध निकाल मिळवला, तेव्हापासून ती पक्की झाली. एका नटीने कोर्टात भांडून मिळवलेला हा हक्क आज तिथल्या प्रत्येक कलाकाराला उपयोगी पडतो. मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटतो.

मालिकेत काम करणाऱ्या आपल्या कलाकारांची अडचण याच्याही अलीकडे असते. रोजच्या मालिकेत महिन्यातले बहुतेक दिवस शूटिंगचे. त्या करारातही 'आमच्या परवानगीशिवाय दुसरीकडे काम नाही' असं कलम असतं. परदेशातून विचारणा येते ती तारखांची: अमुक आठवडा मोकळा आहे का? इथे 'नाही' म्हणावं लागलं की विषय संपतो. म्हणून मराठी मालिकेचा करार करतानाच तारखांच्या सवलतीचं एक वाक्य घालून घेता येतं का ते बघावं. सुरुवातीला मागायला संकोच वाटतो, पण नंतर मागून ती मिळत नाही.

आता पुनर्वापराचं मानधन, ज्याला तिकडे रेसिड्युअल म्हणतात. अमेरिकेत कलाकार संघटनेच्या करारानुसार मालिका पुन्हा दाखवली, दुसरीकडे विकली, की नटाला थोडे थोडे पैसे येत राहतात. दोन कामांमधल्या रिकाम्या महिन्यांत कित्येकांचं घर त्यावर चालतं. ओटीटी आल्यावर हे गणित बिघडलं. जुन्या पद्धतीत पुनर्प्रक्षेपण मोजता यायचं, ओटीटीवर मालिका कायमच पडून असते आणि ती किती जणांनी पाहिली हे तेव्हा कंपन्या सांगत नव्हत्या. २०२३ मध्ये लेखक १४८ दिवस आणि कलाकार ११८ दिवस संपावर गेले, त्यामागचं हे एक मोठं कारण. दुसरं कारण कृत्रिम बुद्धिमत्ता. संपानंतरच्या करारात नटाच्या चेहऱ्याची किंवा आवाजाची डिजिटल प्रतिकृती वापरायची तर संमती आणि मोबदला द्यावा लागेल असं ठरलं.

भारतात नेमलेल्या कलाकाराला मात्र अनेकदा एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क लिहून घेतात. करारातलं ते वाक्य वाचण्यासारखं असतं: संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी, आज ज्ञात असलेल्या आणि यापुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत. वाचताना मोठं काव्य वाटतं, पण त्याचा अर्थ इतकाच की या कामाचे पुन्हा पैसे नाहीत. मग तेवढी रक्कम आधीच मागायला हवी. लेखकांसाठी आपल्या कायद्यात थोडा आधार आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने सिनेमात वापरलेल्या लेखन-संगीताच्या लेखकाचा रॉयल्टीचा हक्क सहजासहजी लिहून घेता येत नाही.

कॅमेऱ्यामागचं कोल्हापूर

माझ्या मते आपल्या गावाला सगळ्यात मोठी संधी इथे आहे, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. प्रत्येक पोराला पडद्यावर दिसायचं असतं. पण परदेशी युनिट भारतात येतं तेव्हा दिग्दर्शक, प्रमुख नट आणि काही विभागप्रमुख सोडले तर बाकीची माणसं इथलीच लागतात. लाइन प्रोड्युसर, म्हणजे परवानग्या, गाड्या, जेवण, मजूर, जागा यांची सगळी जुळवाजुळव करणारा. कला विभागातले सुतार, रंगारी, मोल्डिंगवाले. वेशभूषा, केशभूषा, लाइट, ग्रिप (कॅमेऱ्याची ट्रॉली, क्रेन सांभाळणारे), ध्वनी, प्राणी हाताळणारे, साहसदृश्यवाले. कुस्ती, मर्दानी खेळ, घोडे, चामड्याचं काम, गणपतीचे मूर्तिकार. हे कसब आपल्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोरेवाडीला चित्रनगरी आहे, पन्हाळ्यासारखे गड जवळ आहेत.

सरकारी धोरणही याला पूरक आहे. परदेशी निर्मितीने भारतात केलेल्या, नियमात बसणाऱ्या खर्चाच्या ४०% पर्यंत, कमाल ३० कोटी रुपये, परत देण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२३ च्या इफ्फीत केली. आता ही परतफेड मिळवायची तर कंपनीला प्रत्येक खर्च कागदावर सिद्ध करावा लागतो. हातोहात दिलेल्या रोख पैशाचा हिशोब तिथे चालत नाही. त्यामुळे ज्या रंगाऱ्याकडे पॅन, बँक खातं आणि व्यवस्थित बिल आहे, त्याला काम देणं कंपनीच्या फायद्याचं ठरतं. कसब समान असलं तरी दुसऱ्याला वगळतात. आपले कितीतरी उत्तम कारागीर फक्त याच कारणाने मागे राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चित्रनगरीत अशा कारागिरांसाठी बिलं, कॉल शीट आणि सेटवरच्या सुरक्षेचं साधं प्रशिक्षण सुरू झालं तर फार बरं होईल. कॉल शीट म्हणजे दुसऱ्या दिवसाचा तपशीलवार कागद: कोण किती वाजता कुठे हजर राहायचं, कुठला प्रवेश, सूर्योदय-सूर्यास्त किती वाजता, जवळचा दवाखाना कुठला. तो वाचता येणारा, वेळेवर येणारा मदतनीस परदेशी युनिटच्या डोळ्यांत लगेच भरतो.

कागदाचं सामान

आणि शेवटी तिकडे प्रत्यक्ष जाऊन काम करायची वेळ आली तर. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, त्यामुळे असा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. अमेरिकेत सिनेमा-टीव्हीच्या कलाकारांसाठी ओ-१बी नावाचा व्हिसा असतो, पहिल्या वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा. त्याचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकत नाही. तिकडच्या कंपनीने किंवा एजंटने करावा लागतो, आणि संबंधित संघटनेचं मतही जोडावं लागतं. ब्रिटनमध्ये त्यासाठी बहुतेकदा कंपनीचं प्रायोजकत्व लागतं. तिकडे केलेल्या कामाच्या मानधनातून कर आधीच कापला जातो, अमेरिकेत साधारण ३०%. कापल्याचा दाखला घ्यायला विसरू नका, कारण दुहेरी कराच्या करारामुळे इथल्या विवरणपत्रात त्याची वजावट मागता येते.

ओ-१बी साठी पुरावे मागतात ते तुमच्या आजवरच्या कामाचे. सिनेमातलं श्रेय, करार, पुरस्काराची पत्रं, वर्तमानपत्रांतली परीक्षणं, नामांकित लोकांची शिफारस. मराठी कात्रण चालतं, पण त्यासोबत इंग्रजी भाषांतर आणि ते अचूक असल्याचं भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून राज्य नाट्य स्पर्धेचं प्रमाणपत्र, कोल्हापूर आवृत्तीत आलेलं चार ओळींचं परीक्षण, मालिकेच्या श्रेयनामावलीचा फोटो, हे आजपासून एका फोल्डरमध्ये तारखेसकट ठेवायला लागा. वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दिसेल असं पूर्ण पान स्कॅन करा, नुसती आपली बातमी कापू नका. आणि नाव सगळीकडे एकसारखं असू द्या. पासपोर्टवर एक, पॅनवर दुसरं आणि पडद्यावर तिसरंच स्पेलिंग असेल, तर ही सगळी कामं एकाच माणसाने केली हे सिद्ध करायला वकिलाची फी भरावी लागते.